निरोप पोहोचला

"पडलीस का गं?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो. बसलेय."

"बाथरूममध्ये? कपडे घालून?"

"ऑफिसचं काम आहे."

 त्र्याऐंशी वर्षांत सासूबाईंनी बरंच काही पाहिलंय, पण ओल्या फरशीवर फतकल मारून ऑफिसचं काम करणारी सून त्यांनाही नवीनच असावी. माझ्या गळ्यात दोरीला अडकवलेलं एक बटण होतं, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं, मधोमध काचेचा छोटा पडदा असलेलं. मी ते दाबलं. ते जरासं थरथरलं आणि पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आली. खाली दोन शब्द होते, 'निरोप पोहोचला'.

"आता बघा हो," मी आतून ओरडले. "टेबलावरच्या लॅपटॉपवर लाल पट्टी आली का?"

"कसली लाल? सगळं पांढरंफटक आहे."

मी पुन्हा दाबलं. पुन्हा हिरवी खूण. "आता?"

"अगं, काळं कुत्रंही फिरकलं नाही तुझ्या त्या पडद्यावर."

आमच्या बाथरूममध्ये फोनची रेंज येत नाही, हे मला सतरा वर्षांपासून माहीत आहे. तिथे निरोप पोहोचत नाही याचं मला काहीच आश्चर्य नव्हतं. पण पोहोचला नाही तर पोहोचला म्हणून कशाला सांगता? मी अकरा वेळा बटण दाबलं. अकराही वेळा त्या दीडदमडीच्या बटणाने माझ्या तोंडावर धडधडीत खोटं सांगितलं. उठताना गुडघ्यातून कळ आली आणि मी नळाला धरून उभी राहिले. तेव्हा मनात आलं की मी छप्पन वर्षांची आहे आणि मला उठता येतंय. मदतीला बोलवायचं हे बटण ज्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात सोमवारपासून जाणार होतं, त्यांना उठता येत नाही म्हणून तर ते घेणार होते.

मी सॉफ्टवेअर तपासते. लोक प्रोग्राम लिहितात आणि मी त्यांच्या चुका शोधते. टायपिस्ट म्हणून लागले होते, टाइप करता करता इतरांच्या चुका दिसायला लागल्या, त्या मी बोलून दाखवायला लागले आणि शेवटी कंपनीने कंटाळून मला त्याच कामाला बसवलं. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'खुसपट' म्हणतात. मला ते ठाऊक आहे. समोर मॅडम म्हणतात.

आमच्या कंपनीत एक रीत आहे. कुठलंही काम बाहेर जायच्या आधी दुसऱ्या टीमच्या माणसाने ते पाहून द्यायचं. आम्ही त्याला शेजारपाहणी म्हणतो. तीन दिवस मिळतात, अकरा प्रश्नांचा फॉर्म असतो, तळाशी 'मंजूर' किंवा 'नामंजूर' यावर खूण करून आपलं नाव घालायचं. कल्पना चांगली होती. पण लवकरच लोकांच्या लक्षात आलं की आज मी तुझ्याकडे शेजारी म्हणून येतोय, उद्या तू माझ्याकडे येणार आहेस. मग झालं! आठ वर्षांत एकही काम नामंजूर झालेलं नाही. शेजारपाहणी मंगळवारी सुरू होते आणि शुक्रवारी चार वाजता केक कापून संपते. केकची ऑर्डर मंगळवारीच गेलेली असते.

फॉर्मवरचा दहावा प्रश्न असा आहे: 'टीमचा आपापसातला आणि वापरणाऱ्यांशी असलेला ऑनलाइन संवाद कसा आहे?' त्यासाठी त्या टीमचा चॅटचा ग्रुप आणि ग्राहकांच्या पत्रांची पेटी आपल्याला तीन दिवस उघडून मिळते. ती कोणी वाचत नाही. सगळे तिथे 'उत्तम' लिहितात. मीही आजवर नऊ वेळा 'उत्तम' लिहिलंय, न वाचता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाटायचं की मी मोठी साधू.

या वेळी या बटणाची शेजारपाहणी माझ्याकडे आली होती. गुरुवारी सकाळी मी थेट बटणाच्या टीमच्या प्रमुखाकडे गेले. चाळिशीचा, उमदा, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारत बोलणारा माणूस. सगळे त्याला कप्तान म्हणतात आणि त्यालाही ते आवडतं. मी बाथरूमची हकिगत सांगितली.

"मॅडम," तो हसला, "संडास-बाथरूममध्ये कोण टेस्टिंग करतं?"

"तुम्ही कुठे केलंत?"

"इथेच. या टेबलांवर. हजार वेळा दाबलंय, हजार वेळा पोहोचलंय."

"म्हाताऱ्या माणसांनी तुमच्या टेबलांवर येऊन पडायचं का?"

त्याच्या टीममधले दोघं जण हसले. कप्तानने खुर्ची ओढून मला बसवलं, पाणी मागवलं. माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. "असं बघा," तो म्हणाला, "निरोप जाऊन मदत केंद्राचं उत्तर यायला सहा-सात सेकंद लागतात. लोकांसमोर दाखवताना ते फार वाईट दिसायचं. बटण दाबलं आणि सगळे तोंडाकडे बघतायत. म्हणून खूण दाबल्याबरोबर दाखवायची असं ठरवलं. नंतर करू की सुधारणा. रिलीजनंतर लगेच."

"हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं?"

"कोणीच काही बोललं नाही. आणि आमच्याकडे संवाद कसा आहे, तुम्ही ग्रुप वाचाच. एकदम खुला. मी नेहमी म्हणतो, काहीही असेल तर बिनधास्त लिहा."

तो म्हणाला वाचाच, म्हणून मी वाचला. जागेवर येऊन चष्मा पुसला आणि आठ महिन्यांपूर्वीच्या पहिल्या निरोपापासून सुरुवात केली. दुपारचा डबाही तिथेच खाल्ला.

वरवर पाहिलं तर तो ग्रुप खरंच दृष्ट लागण्यासारखा होता. सकाळी सगळ्यांचं एकमेकांना सुप्रभात. कोणी काही केलं की फुलं, टाळ्या, फुगे. 'भारी!', 'कडक!', 'तोडलंस!' आणि अंगठे. प्रत्येक निरोपाखाली चार-पाच उभे अंगठे. पूर्वी लिहिता-वाचता न येणारे लोक अंगठा उठवायचे. आता लिहिता-वाचता येणारे उठवतात, म्हणजे वाचावं लागत नाही. तासाभराने माझ्या लक्षात आलं की या ग्रुपमध्ये कोणी कोणाला प्रश्नच विचारत नाही.

एकजण सोडून. त्याला ते 'तळटीप' म्हणत. पंचेचाळिशीचा माणूस, दुसऱ्या गावाहून घरून काम करणारा, लांबलचक आणि नेमकं लिहिणारा. त्याचा पहिला निरोप आठ महिन्यांपूर्वीचा होता: 'खूण आत्ता बटण दाबल्याबरोबर दिसते. निरोप गेला नाही तरी दिसते. हे फक्त दाखवण्यापुरतं आहे ना? नंतर केंद्राचं उत्तर आल्यावरच खूण यायला हवी.' खाली पाच अंगठे.

महिन्याभराने पुन्हा. 'खुणेचं काम राहिलं आहे. मी करू का?' चार अंगठे, एक फूल. मग पुन्हा. 'रेंज नसलेल्या खोलीत करून पाहिलं. खूण येते, निरोप जात नाही. माणूस वाट बघत बसेल.' पाच अंगठे. एकाने लिहिलं होतं, 'तळटीपराव, इतकं निगेटिव्ह नको!' आणि त्या वाक्याला सहा अंगठे.

मी वहीत तारखा टिपत गेले. सात वेळा. आठ महिन्यांत त्या माणसाने सात वेळा तेच सांगितलं होतं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडं कमी शब्दांत. सातवा निरोप एवढाच होता: 'खूण?' त्यालाही अंगठा होता, कप्तानचा.

तीन आठवड्यांपूर्वी त्याला या कामावरून काढलं होतं. कप्तानने ग्रुपवर लिहिलेलं कारण मी दोनदा वाचलं. 'टीमशी संवाद कमी पडतो.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाणी पिऊन आले आणि मग ग्राहकांच्या पत्रांची पेटी उघडली. चाचणी म्हणून दोनशे म्हाताऱ्या माणसांना ही बटणं आधीच दिलेली होती. बरीचशी पत्रं दोरी टोचते, रंग दुसरा मिळेल का, अशी होती. चार महिन्यांपूर्वीचं एक असं होतं:

'१. बुधवारी सकाळी अकरा वाजता मी बाथरूममध्ये घसरलो. बटण दाबलं. बरोबरची खूण आली.

२. कोणी आलं नाही. खूण आली होती म्हणून मी ओरडलो नाही. वाट पाहिली. दोन वाजता स्वतःच उठलो.

३. मी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम केलं. लिफ्ट अडकली की आतला माणूस घंटा दाबतो. घंटा बंद असली तर तो ओरडतो, दार बडवतो, कोणीतरी येतं. पण घंटा बंद असून आत दिवा लागला तर तो गप्प बसून राहतो. म्हणून आम्ही आतला दिवा बाहेरच्या घंटेलाच जोडत असू. तुम्हीही तसं करावं.

४. तक्रार नाही. कळवतो आहे.'

त्याला त्याच मिनिटाला उत्तर गेलं होतं. 'आपल्या मौल्यवान प्रतिक्रियेबद्दल मनःपूर्वक आभार!' आणि पुढे एक हसरा चेहरा. ते मशीनने पाठवलं होतं, त्याला काय बोलणार. पण कोणीतरी ते पत्र उचलून ग्रुपवर टाकलं होतं. 'आजोबांनी नंबर घालून पत्र पाठवलंय, किती गोड!' खाली नऊ बदाम. तो माणूस तीन तास ओल्या फरशीवर पडून होता, आणि नऊ शिकल्यासवरल्या माणसांना त्याचे नंबर गोड वाटले होते.

साडेचारला आमच्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि माझ्याशी बोलताना टेबलावरचं पेन सरळ करत राहतात.

"मॅडम, काही खुसपट... म्हणजे, काही मुद्दे निघालेत असं ऐकलं."

"निघालेत."

"तुमचे मुद्दे बरोबरच असणार. पण रिलीज सोमवारी आहे. तुम्ही 'मंजूर' करा आणि मुद्दे खाली शेऱ्यात लिहा. सगळे असंच करतात."

"शेरे कोण वाचतं?"

साहेबांनी पेन सरळ केलं. "पुढच्या आठवड्यात आपलं काम त्यांच्याकडे जाणार आहे. तुम्ही नामंजूर केलंत तर ते आपल्याला सोडतील का? अख्खी टीम लटकेल. आणि तुमची दोनच वर्षं राहिलीत मॅडम. कशाला उगाच?"

 दोन वर्षं राहिलीत म्हणून गप्प बसायचं, तर आधीची तीस वर्षं काय म्हणून गप्प बसायचं होतं, असं विचारायचं मनात होतं. पण उत्तर मला माहीत होतं. तेव्हा तीस वर्षं राहिली होती म्हणून.

घरी आले तेव्हा डोकं भणभणत होतं. घरात आम्ही दोघीच. यांना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून सासूबाई आतल्या खोलीत आणि मी बाहेरच्या. त्यांच्या उशाशी स्टीलचा पेला असतो आणि त्यात चमचा. काही हवं असलं की त्या चमचा पेल्यावर वाजवतात. त्या दिवशी मी भाजी चिरत होते. चमचा वाजला.

"आले!" मी म्हणाले आणि चिरत राहिले.

मग फोन आला, मग कणीक मळायची होती. चमचा पुन्हा वाजला. "आले हो!" तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी तणतणत गेले. सासूबाई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. त्यांना बाथरूमला जायचं होतं आणि काठी पलंगाच्या पलीकडे पडली होती.

"आले म्हटलं ना मी!"

"म्हणालीस. म्हणून तर बसले." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तू नसतीस तर मी सरपटत जाऊन काठी घेतली असती. तू 'आले' म्हणतेस आणि येत नाहीस, माझे दोन्ही मार्ग बंद होतात. त्यापेक्षा 'थांबा, दहा मिनिटं लागतील' म्हणत जा ना. मला काय समजत नाही?"

मी काठी उचलून दिली. त्यांना धरून नेलं, बाहेर उभी राहिले. सहा वर्षं मी या बाईला दिवसातून वीस वेळा हिरवी खूण दाखवत होते. मला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटली की मला नेहमी राग येतो. शुक्रवारी चार वाजेपर्यंत तो मी उतरू दिला नाही.

सकाळी आधी तळटीपला निरोप पाठवला. मी कोण, काय वाचलं ते लिहिलं. फोन करू का, विचारलं. बराच वेळ समोर तीन ठिपके नाचत राहिले. मग उत्तर आलं: 'मी बोलताना अडखळतो. खूप. लिहूनच बोललेलं बरं. मीटिंगमध्ये माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत विषय बदललेला असतो, म्हणून मी लिहायला लागलो.'

मी लिहिलं, 'मला घाई नाही.' आणि फोन लावला.

आम्ही पंचवीस मिनिटं बोललो. त्यातली पंधरा तरी मी नुसती वाट पाहिली. शेवटी मी विचारलं, "चार वाजता मीटिंगला याल? ऑनलाइन. एक वाक्य बोललात तरी पुरे."

"ते ह... ह... हसतील."

"हसू देत. मी आहे तिथे."

चार वाजता खोलीत सगळे जमले. कप्तान आणि त्याच्या टीममधली चार माणसं, आमचे साहेब आणि टेबलाच्या टोकाला वरच्या बाई. बाई कंपनीच्या प्रमुख. त्यांची खोली वरच्या मजल्यावर म्हणून वरच्या बाई. त्या सहसा केकच्या वेळी येतात. त्या दिवशी काहीतरी कानावर गेल्यामुळे आधीच आल्या होत्या.

मी फॉर्म पडद्यावर लावला. बाकीची दहा उत्तरं होती तशी होती, बरीचशी चांगली. काम खरंच मेहनतीचं होतं, तेही मी लिहिलं होतं. दहाव्या प्रश्नासमोर लिहिलं होतं, 'संवाद नाही. फक्त पोच आहे.' तळाशी 'नामंजूर' आणि माझं नाव.

 मग कप्तान बोलला, हसतच. "मॅडम, खुणेचा मुद्दा मान्य. पण संवाद नाही? हे जरा अति होतंय. आमच्या ग्रुपवर आठ महिन्यांत अकरा हजार निरोप आहेत!"

"वाचते ना मी त्यातले सात." मी वही उघडली. तारीख, निरोप, अंगठे किती. तारीख, निरोप, अंगठे किती. पाचव्या निरोपाला वरच्या बाईंनी चष्मा काढला. सातवा मी वाचला, "खूण? एक अंगठा," आणि कप्तानकडे पाहिलं. नंतर लिफ्टवाल्यांचं पत्र वाचलं, चारही नंबर. शेवटी म्हणाले, "याला नऊ बदाम."

कप्तानच्या टीममधली एक बाई टेबलाकडे बघत बसली होती. तिचा चेहरा कोमेजला होता. बदामांतला एक तिचा असावा.

"बरं," कप्तान म्हणाला. आता तो हसत नव्हता. "पण त्यांनी कधी तोंडाने सांगितलं का? मीटिंगमध्ये एकदाही नाही. लिहिलेलं नजरेतून सुटतं, मॅडम. माणसाने बोलायला नको?"

मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "बोलतायत. ऐका."

पडद्यावर एक सडपातळ माणूस होता. कॉलरचं वरचं बटणसुद्धा लावलेलं होतं. त्याने श्वास घेतला.

"मी स... स..."

आम्ही थांबलो. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. त्याची मान एका बाजूला खेचली जात होती.

"म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का," कप्तान मऊ आवाजात म्हणाला, "की सात वेळा तुम्ही..."

"त्यांना काय म्हणायचंय ते तेच म्हणतील," मी म्हणाले.

"अहो, मी मदत..."

"नको मदत. आठ महिने थांबलेत ते. तुम्ही एक मिनिट थांबा."

माझा आवाज बराच चढला होता. साहेबांनी पेन सरळ करायला हात पुढे केला, पण तिथे पेन नव्हतं. आम्ही सगळे त्या माणसाच्या तोंडाकडे बघत थांबलो. कुणालाच ते सोसत नव्हतं, मलासुद्धा.

"मी स... सात वेळा लिहिलं," तो म्हणाला. "सातही वेळा अंगठा आला. मला वाटलं, प... प..." तो थांबला, डोळे मिटले, उघडले. "मला वाटलं, पोहोचलं."

 वरच्या बाईंनी चष्मा पुन्हा घातला. "दुरुस्तीला किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे," तळटीपने सांगितलं. एका दमात, न अडखळता. इतके महिने मनात घोळवलेलं असणार.

"सोमवार सगळीकडे जाहीर झालाय," बाई म्हणाल्या. "नियमाप्रमाणे दुसऱ्या कोणाची शेजारपाहणी घेता येते." त्यांनी आमच्या साहेबांकडे पाहिलं. "तुम्ही कराल मंजूर?"

नियम असाच आहे, खरं आहे. फक्त आधीचा फॉर्म पुसता येत नाही आणि दुसऱ्याने पहिल्याच्या प्रत्येक मुद्द्याखाली आपलं उत्तर लिहायचं असतं, नावासकट. साहेबांनी लॅपटॉप पुढे ओढला. माझ्या फॉर्मकडे पाहिलं. लिफ्टवाल्यांच्या पत्राखाली उत्तराची रिकामी चौकट होती. ते तिच्याकडे बघत राहिले.

"मी..." साहेब म्हणाले, "मी आधी नीट वाचतो."

आठ वर्षांत आमच्या कंपनीत हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं. बाईंनी कप्तानकडे पाहिलं, मग कप्तानच्या माणसांकडे. लॅपटॉप टेबलाच्या मधोमध तसाच पडून राहिला. कोणाचाही हात त्याच्याकडे गेला नाही.

सोमवार टळला. केक तसाच फ्रीजमध्ये होता, कुणाची कापायची हिंमत होईना. जाताना मी सुरी काढली आणि स्वतःसाठी चांगला चार बोटं रुंद तुकडा कापून डब्यात भरला. सासूबाईंना क्रीम आवडतं.

याचे परिणाम व्हायचे ते झालेच. शेजारपाहणी करणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव उडालं. टेबल झेरॉक्स मशीनशेजारी गेलं, तिथे दिवसभर घरघर चालते. साहेबांचं माझ्याशी बोलणं कामापुरतं झालं. पुढच्या आठवड्यात आमचं काम कप्तानच्या टीमकडे गेलं आणि त्यांनी त्यात शेहेचाळीस चुका काढल्या. सूड म्हणूनच काढल्या. मी एकेक तपासली. एकतीस खऱ्या होत्या. आमची टीम मला शिव्या घालत दुरुस्तीला बसली आणि मी त्यांना म्हटलं, घाला, पण बावीस नंबरची आधी करा, ती वाईट आहे.

बटणाची दुरुस्ती झाली. आता निरोप गेला नाही तर खूण येत नाही. बटण थरथरत राहतं आणि पडद्यावर शब्द येतात. काय शब्द असावेत यावर कप्तानच्या टीमची दोन दिवस चर्चा झाली. 'कृपया पर्यायी मार्गाचा अवलंब करावा' इथपर्यंत मजल गेली होती. मी घरी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "'पोहोचला नाही, ओरडा' असं लिहा की सरळ." मी ते कप्तानला कळवलं. त्याने अंगठा दिला नाही. 'बरोबर आहे, तेच घेतो' असं लिहून पाठवलं, चार शब्द. माणूस वाईट नाही, म्हटलं ना.

तळटीपला मात्र पुन्हा त्या कामावर घेतलं नाही. महिन्याभराने त्याने नोकरी सोडली. निरोपाचे चार शब्द कंपनीच्या मोठ्या ग्रुपवर लिहिले, आणि सवयीने कोणीतरी त्यालाही अंगठा दिला. ते वाचून मी झेरॉक्सच्या मशीनवर मूठ आपटली, तर ते चालू झालं आणि त्यातून एक कोरा कागद बाहेर आला. आता तो कधीतरी रविवारी फोन करतो. आमचं बोलणं पाऊणएक तास चालतं. त्यात वाक्यं थोडीच असतात, पण सगळी पूर्ण होतात.

लिफ्टवाल्यांना उत्तर लिहायचं काम कोणाचंच नव्हतं, म्हणून मी लिहिलं. कंपनीच्या पेटीतून पाठवायची मला परवानगी नव्हती. मी साध्या कागदावर, हाताने, नंबर घालून लिहिलं. पहिला नंबर, तुमचं पत्र पोहोचायला सहा महिने लागले. दुसरा, चूक आमची होती. तिसरा, तुम्ही म्हणालात तसा आतला दिवा बाहेरच्या घंटेला जोडला आहे. नवं बटण सोबत पाठवते. बाथरूममध्ये दाबून पाहावं. खाली माझं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता.

आठवडा गेला, दुसरा गेला. मी रोज दारातली पेटी उघडून बघत होते. ऐंशीच्या घरातला माणूस. मनात नको नको ते यायचं, आणि आलं की मी भांडी जरा जोरात घासायचे.

परवा पाकीट आलं. मी ते उघडतच होते, तेवढ्यात आत चमचा वाजला.

"पाच मिनिटं!" मी म्हणाले. "पत्र वाचतेय."

"बरं," आतून आवाज आला. "काठी आहे माझ्याजवळ."

अक्षर थरथरतं होतं, पण ओळी सरळ होत्या.

'१. पत्र पोहोचलं.

२. काल बाथरूममध्ये दार लावून बटण दाबलं. बरोबरची खूण आली नाही. ओरडा असं आलं. ओरडून पाहिलं. शेजारची मंडळी धावत आली. त्यांना चहा दिला.

३. तक्रार नाही.'